वाचकांचे प्रश्न : एमीच्या त्या बाईच्या हातात काय आहे?

मागच्या अंकात ७७व्या एमीबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या मोठ्या अवॉर्डबद्दल, मी चार ओळी लिहिल्या होत्या. १४ सप्टेंबर २०२५ ला लॉस एंजेलिसला सोहळा झाला, द पिट ड्रामामध्ये पहिली आली, द स्टुडिओ कॉमेडीत, ॲडोलसन्स लिमिटेड सिरीजमध्ये (म्हणजे ठरलेल्या भागांत संपणारी मालिका), आणि त्याच ॲडोलसन्समधला ओवेन कूपर हा पोरगा अवघ्या १५व्या वर्षी अभिनयाची एमी घेऊन गेला, एवढंच. त्यावर नाशिकच्या चारी बाजूंनी इतके प्रश्न आलेत की यावेळचं पूर्ण पान एमीलाच दिलंय.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये मोठा वाद झालाय. मी म्हणतो दिल्ली क्राइमला एमी मिळालीय, वीर दासलाही मिळालीय. मित्र म्हणतो नाही, एमी फक्त अमेरिकन सिरीयललाच मिळते. मिसळीची पैज लागलीय, कोण बरोबर? (कॉलेज रोडवरून एक विद्यार्थी)

उत्तर : मिसळीचं बिल अर्धं अर्धं करा, कारण दोघंही अर्धे बरोबर आहात. एमी हे नाव एक आहे पण ती देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत आणि आपल्याकडे बातम्यांमध्ये सगळं एकत्रच छापलं जातं म्हणून हा घोळ होतो. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसला रेड कार्पेट वगैरे असतं ती प्राइमटाइम एमी, ती टेलिव्हिजन अकॅडमी देते, अमेरिकेत संध्याकाळी-रात्री लागणाऱ्या कार्यक्रमांसाठी. दुपारच्या मालिका वगैरेंची डेटाइम एमी वेगळी, ती न्यूयॉर्कची संस्था देते. आणि तिसरी इंटरनॅशनल एमी, ती अमेरिकेबाहेर बनलेल्या कार्यक्रमांसाठी, न्यूयॉर्कमध्येच नोव्हेंबर महिन्यात होते. दिल्ली क्राइमला २०२० मध्ये बेस्ट ड्रामाचं मिळालं ते हे तिसरं. वीर दासला २०२३ मध्ये कॉमेडीसाठी मिळालं तेही हेच, आणि तेव्हा तो डेरी गर्ल्स या ब्रिटिश मालिकेबरोबर बरोबरीत होता म्हणजे दोघांना विभागून. त्याच रात्री एकता कपूरलाही तिथे खास सन्मान मिळाला होता.

आता कुणी म्हणेल की म्हणजे आपली एमी दुय्यम का, तर अजिबात नाही. तिथे जगभरातल्या मालिकांशी स्पर्धा असते आणि दिल्ली क्राइममध्ये शेफाली शाहने जे काम केलंय ते बघितलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. फक्त दोन वेगळ्या स्पर्धा आहेत एवढं लक्षात ठेवा.

आणि मित्राला हेही सांगा की प्राइमटाइम एमीचं दारसुद्धा परक्या भाषेला बंद नाहीये. २०२२ मध्ये स्क्विड गेम या कोरियन मालिकेतल्या ली जंग-जेला ड्रामातल्या बेस्ट ॲक्टरची एमी मिळाली. २०२४ मध्ये शोगुनने एका वर्षात १८ एमी घेतल्या, हा रेकॉर्ड आहे, आणि त्यात बहुतेक संवाद जपानीत आहेत. अट अशी असते की अमेरिकन कंपनी पहिल्यापासून पैशात आणि कामात भागीदार पाहिजे, बनून तयार झालेली मालिका नंतर विकत घेतली तर चालत नाही. म्हणजे उद्या एखादी मराठी मालिका तशा भागीदारीत बनली तर नियम आड येत नाही, आणि असं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : एमी हे त्या बाईचं नाव आहे का हो? पंख असलेली बाई, हातात गोल जाळीसारखं काहीतरी धरलेलं. नात म्हणते ती परी आहे. (नाशिकरोडहून एक काकू)

उत्तर : काकू, नातीचं आणि तुमचं दोघींचंही निरीक्षण चांगलं आहे. ते गोल जाळीसारखं आहे ना, तो अणू आहे. आपण शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात बघितलेला, मधे केंद्र आणि भोवती इलेक्ट्रॉन फिरतायत तो. पंख कलेचे आणि अणू विज्ञानाचा, कारण टीव्ही या दोन्हीशिवाय चालत नाही.

नावाची गोष्ट तर मला त्याहून आवडते. १९४० च्या दशकात टीव्हीच्या कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाची एक मोठी काचेची नळी असायची, तिच्यातूनच चित्र पकडलं जायचं, आणि स्टुडिओतली माणसं लाडाने तिला इमी म्हणायची. आधी अवॉर्डचं नाव आइक ठेवायचं चाललं होतं, तेसुद्धा कॅमेऱ्याच्याच एका जुन्या नळीवरून, आयकोनोस्कोपवरून. पण आइक हे सेनापती आयझेनहॉवरचं टोपणनाव होतं त्यामुळे ते बाद झालं. मग हॅरी लुबके नावाच्या इंजिनियरने इमी सुचवलं, आणि मूर्ती बाईची होती म्हणून त्याचं एमी झालं. म्हणजे कुठल्या नटीचं नाव नाही, कुठल्या मालकाचं नाही, स्टुडिओत रोज घाम गाळणाऱ्यांनी एका यंत्राच्या भागाला दिलेलं घरगुती नाव आहे ते!

मूर्तीही इंजिनियरनेच केलीय, लुई मॅकमॅनस त्याचं नाव. अकॅडमीने आधीची ४७ डिझाइन्स नापास केली होती, याचं पास झालं, आणि मॉडेल म्हणून त्याने आपल्या बायकोलाच, डोरोथीला, उभं केलं होतं. पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ ला हॉलिवूड ॲथलेटिक क्लबमध्ये झाला, तिकीट ५ डॉलर, आणि तेव्हा फक्त लॉस एंजेलिस गावातल्या कार्यक्रमांपुरतीच ही एमी होती. पहिली एमी कुणाला मिळाली सांगू, शर्ली डिन्सडेल नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, जी बोलक्या बाहुलीचा खेळ करायची. आपल्या पाध्यांचे अर्धवटराव नाहीत का, तसा, फक्त तिच्या बाहुलीचं नाव जूडी होतं. नातीला हे नक्की सांगा.

मूर्तीसाठी उभ्या राहिलेल्या त्या बायकोचा विषय निघाला की मला दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी, आपल्या सरस्वतीबाई आठवतात. दादासाहेब त्र्यंबकचे, त्यांचं स्मारक आपल्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, तिथे आपण सगळे सहलीला जाऊन आलोय. पण राजा हरिश्चंद्रच्या वेळी कच्च्या फिल्मच्या कडेला ती बारीक भोकं पाडायचं काम अंधारात बसून सरस्वतीबाई करायच्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. काकू, नातीला घेऊन स्मारकात जाल तेव्हा हेही सांगा तिला.

प्रश्न : मला सोहळा लाइव्ह बघायचाय. भारतात किती वाजता लागतो? (पंचवटीतून एक आजोबा)

उत्तर : आजोबा, तुम्ही पहाटे गंगेवर जाता असं लिहिलंय म्हणजे तुम्हाला सोपं आहे. तिकडे रविवारी संध्याकाळी ५ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू होतो, तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे ८ आणि आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच. एनबीसी चॅनेलची पाळी असेल तेव्हा मात्र रविवारी त्यांच्याकडे फुटबॉल असतं म्हणून सोहळा सोमवारी करतात, २०१८ आणि २०२२ ला तसंच झालं, मग आपल्याकडे मंगळवारची पहाट. २०२४ चा सप्टेंबरचा सोहळा मी बघितला तेव्हा अनंत चतुर्दशीचा आदला दिवस होता, घरात आरतीची तयारी आणि टीव्हीवर शोगुन, दोन्ही एकदम चाललेलं.

प्रश्न : मी ब्रेकिंग बॅड आणि बेटर कॉल सॉल दोन्ही दोनदा बघितल्यात. पहिलीला इतक्या एमी आणि दुसरीला एकही नाही हे कसं शक्य आहे? मतदान खरंच होतं का सेटिंग असतं? (देवळाली कॅम्पहून एक शिक्षक)

उत्तर : सर, तुमचा राग मला कळतो आणि पटतोही. बेटर कॉल सॉलला सगळ्या सीझनची मिळून ५३ नॉमिनेशन्स होती आणि एमी शून्य. रिया सीहॉर्नने किमचं काम केलंय, त्यात ती काहीच न बोलता नुसती उभी असते आणि आपल्याला सगळं कळतं, त्या बाईला एमी मिळाली नाही ही मला अजूनही चुकच वाटते. पण सेटिंग म्हणाल तर नाही.

मतदान असं होतं. १ जून ते ३१ मे या वर्षात लागलेले कार्यक्रम धरतात. अकॅडमीचे २६ हजारांच्या आसपास सभासद आहेत आणि सगळे याच धंद्यातले. पहिल्या फेरीत नट नटांना निवडतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, एडिटर एडिटरला, आणि बेस्ट ड्रामा, बेस्ट कॉमेडी अशा मोठ्या बक्षिसांना सगळे मत देतात. जुलैत नॉमिनेशन जाहीर होतात, ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. नटाला आपला एकच एपिसोड पुढे करावा लागतो, म्हणजे वर्षभर झिजलात तरी परीक्षा एका पेपरची, हे तुम्हाला शिक्षक म्हणून लगेच समजेल. मोजणी बाहेरची ऑडिट कंपनी करते.

मग अन्याय कसा होतो, तर माझं मत असं की माणसं ओळखीच्या कामाला मत देतात. एकदा एखादी मालिका जिंकायला लागली की पुढच्या वर्षी तिचीच आठवण आधी येते. बेटर कॉल सॉलच्या समोर कधी गेम ऑफ थ्रोन्स होती, ज्या एकट्या मालिकेने एकूण ५९ एमी घेतल्यात, आणि कधी सक्सेशन होती. अशा वेळी सावकाश चालणारी मालिका मागे पडते. द वायरचं तर याहून वाईट. २००२ ते २००८ पाच सीझन, आज जगभर तिचं नाव सगळ्यात आधी घेतात, पण नॉमिनेशन फक्त दोन आणि तीही लेखनाची, एमी एकही नाही. अँजेला लॅन्सबरी या नटीला १८ वेळा नॉमिनेशन आणि १८ वेळा रिकाम्या हाताने घरी. दुसऱ्या टोकाला ज्युलिया लुई-ड्रायफसला वीप या कॉमेडी मालिकेसाठी लागोपाठ सहा वर्षं मिळाली, आणि ती प्रत्येक वर्षी तितकीच चांगली होती हेही खरं आहे.

तेव्हा सर, दोनदा बघितलीत ना, तिसऱ्यांदा बघताना वर्गातल्या मोठ्या पोरांनाही सांगा बघायला.

प्रश्न : आपल्याकडे टीव्हीसाठी असं एखादं अवॉर्ड का नाही? दरवर्षी चॅनेलवर जे सोहळे लागतात ते बघून तर काही कळत नाही. (इंदिरानगरहून, बँकेतून रिटायर झालेल्या एक वाचक)

उत्तर : मॅडम, तुम्ही अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंय. आपल्याकडे बऱ्याचदा चॅनेल आपापल्याच मालिकांना पुरस्कार देतं, आवडती सून, आवडती सासू, आवडतं कुटुंब, आणि तो सोहळा त्याच चॅनेलवर लागतो. घरच्या गणपतीला घरच्यांनीच स्पर्धा ठेवावी तसं. त्यात आनंद आहे, मीही बघते, पण दुसऱ्या चॅनेलवरच्या चांगल्या कामाला तिथे जागाच नाही.

एमीचं मला पटतं ते हे की ती कुठल्याच चॅनेलची नाही. अकॅडमी सभासदांची, आणि दाखवायचं काम एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही चार चॅनेल्स पाळीपाळीने करतात. २०२५ मध्ये सीबीएसची पाळी होती. त्यांनी तीन तास आपल्या चॅनेलवर सोहळा दाखवला आणि सगळ्यात मोठी तिन्ही बक्षिसं कुणाकडे गेली, द पिट एचबीओ मॅक्सची, द स्टुडिओ ॲपलची, ॲडोलसन्स नेटफ्लिक्सची! म्हणजे स्वतःच्या अंगणात मांडव घालून शेजाऱ्यांचा सत्कार. टॉक शोचं बक्षीस तेवढं सीबीएसच्या स्टीफन कोल्बेअरला मिळालं, आणि तो शो बंद करायचं त्याच चॅनेलने दोनच महिने आधी जाहीर केलं होतं, तरी त्यांच्याच मंचावर प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. केबलवाल्यांना १९८८ पर्यंत प्राइमटाइम एमीत घेतच नव्हते. नेटफ्लिक्सला पहिल्यांदा मोठी दाद २०१३ मध्ये मिळाली, हाउस ऑफ कार्ड्सच्या दिग्दर्शनासाठी, आणि स्ट्रीमिंगवरची मालिका बेस्ट ड्रामा व्हायला २०१७ उजाडलं, द हँडमेड्स टेल. दार हळूहळू उघडत गेलं. आपल्याकडे सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार आहेत, पण टीव्हीवर रोज रात्री अख्खं घर जे बघतं त्याला तसं काही नाही. मराठीतल्या लेखक, नट, तंत्रज्ञ मंडळींनी एकत्र येऊन स्वतःच मत द्यायचं ठरवलं तर सुरुवात होऊ शकते, लॉस एंजेलिसलासुद्धा १९४९ मध्ये ते एका गावापुरतंच होतं.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, साउंड रेकॉर्डिस्ट. आमच्या शॉर्टफिल्मला इथल्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर हिरो, हिरोइन, डायरेक्टर, प्रोड्युसर सगळ्यांना बोलावलं, मी खाली उभा होतो. सर्टिफिकेटवर पण माझं नाव नाही. एमीमध्ये आमच्यासारख्यांना काही असतं का? (सातपूरहून एक वाचक)

उत्तर : असतं दादा, आणि तुमचं पत्र वाचून मी आधी गप्प बसले थोडा वेळ.

गेल्या पावसाळ्यानंतर गोदाघाटावर एक शूटिंग चालू होतं, मी भाजी घेऊन चालले होते ती थांबले. एक मुलगा लांब काठी डोक्याच्या वर दोन्ही हातांनी धरून उभा, काठीच्या टोकाला केसाळ कव्हर घातलेला माइक, नट बोलतायत त्यांच्या अगदी वर पण फ्रेमच्या बाहेर. देवळातली घंटा वाजली की तो मान हलवायचा, परत. होळकर पुलावरून हॉर्न आला की परत. सहा का सात टेक झाले, प्रत्येक वेळी नट खाली बसायचे, त्यांना पाणी मिळायचं, तो तसाच उभा, हात थरथरायला लागले होते. शेवटी सीन झाल्यावर त्याने सगळ्यांना एक मिनिट गप्प राहायला सांगितलं, नुसत्या जागेचा आवाज घ्यायला. अख्खा घाट त्या एका पोराच्या सांगण्यावरून गप्प झाला. पाण्याचा आवाज येत होता फक्त. मी इतकी वर्षं नाशिकात राहते पण गोदेचा तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

तर एमीत साउंड मिक्सिंगला वेगळी एमी आहे, साउंड एडिटिंगला वेगळी. ड्रामा, कॉमेडी, लिमिटेड सिरीज असे गटही वेगवेगळे. एडिटिंग, कॅमेरा, कपडे, केस, मेकअप, सेट, टायटल्स, नाच बसवणं, स्टंट, कास्टिंग सगळ्याला आहे. कास्टिंगसाठी ऑस्करने २०२६ च्या सोहळ्यापासून बक्षीस ठेवलं, एमीत ते कितीतरी आधीपासून आहे. ही सगळी बक्षिसं मुख्य सोहळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी देतात, क्रिएटिव्ह आर्ट्स एमी म्हणतात त्याला. २०२५ मध्ये ६ आणि ७ सप्टेंबरला झाली, आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक होती तेव्हा. ती रात्र जगात फार कुणी बघत नाही हे खरं आहे आणि मला ते आवडत नाही. पण मूर्ती तीच मिळते, तीच पंखवाली, तोच अणू. शोगुनच्या १८ एमी म्हणून सगळे सांगतात ना, त्यातल्या १४ या आधीच्या सोहळ्यातल्या आहेत, आणि त्यात साउंड मिक्सिंग आहे, साउंड एडिटिंग आहे. मुख्य रात्रीच्या फक्त ४. तुमच्यासारख्यांची बक्षिसं काढून टाकली तर रेकॉर्डच राहत नाही.

आणि भारताला पहिलं ऑस्कर कुणी आणलं हे माहितीय का, कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, गांधी सिनेमाच्या वेशभूषेसाठी. पडद्यावर त्या कुठेच दिसत नाहीत.

आता तुमच्या सर्टिफिकेटचं. गप्प बसू नका. आयोजकांना साधं पत्र लिहा, भांडण नको. फिल्मचं नाव, तुमचं नाव, काम साउंड रेकॉर्डिंग, आणि फिल्मच्या शेवटच्या क्रेडिटमध्ये तुमचं नाव येतं त्या फ्रेमचा फोटो जोडा. तुमच्या डायरेक्टरची सही घ्या पत्रावर, तो मित्रच असेल तर लगेच देईल. नाव घालून नवीन सर्टिफिकेट द्या आणि पुढच्या वर्षीपासून प्रवेश अर्जात तंत्रज्ञांच्या नावाचा रकाना ठेवा, एवढ्या दोनच मागण्या. पत्र मराठीतच लिहा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याची एक कॉपी मला पाठवा, पुढच्या अंकात या पानावर फिल्मचं नाव आणि त्याखाली साउंड म्हणून तुमचं नाव मी छापते.